बिनधुराचे रोडगे

धंतोलीतल्या छातीच्या डॉक्टरांनी आईचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "बिडी ओढता का?"

आईनं जन्मात बिडीला हात लावलेला नाही. ती म्हणाली, "रोडगे भाजते."

"कशावर?"

"गोवऱ्यांवर. दुसरं कशावर भाजतात?"

"मग बंद करा," डॉक्टर म्हणाले. मीठ कमी करा म्हणतात ना, त्याच सुरात. आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

बंद करा! कुणाच्या बापाचं काय जातं बंद करा म्हणायला? बाबा सुतारकाम करायचे, गुडघे गेल्यापासून घरी आहेत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांचं घर चालतं ते मागच्या टिनाच्या शेडवर. तिथं आई दर रविवारी ऑर्डरचे रोडगे भाजते. जाडसर कणकेचे, आतून तेलाचे पदर दिलेले, मुठीएवढे गोळे. गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा जाळ बसला की निखारे पसरायचे, त्यात गोळे ठेवायचे आणि वरून गरम राखेनं झाकून टाकायचे. तासाभरानं उकरून काढायचे, फडक्यानं झटकायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी. नवस असो की नातवाचा वाढदिवस, नागपुरात लोकांना रोडगे पाहिजेतच. भाजायला मात्र कुणी बसत नाही. आई बसते. वीस वर्षं ती त्या धुरात बसली.

आणि मी काय करत होते? मी धुराविरुद्ध काम करत होते. हसू नका. तीन वर्षांपासून मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. "चूल पेटते घरात, जळते बाई" हे माझंच वाक्य. वस्त्यावस्त्यांत वाटलंय. एक पत्रक मी आईच्या शेडलाही चिकटवलं होतं. दुसऱ्या रविवारी ते जागेवर नव्हतं.

"कागद जाड आहे वं तुह्या पत्रकाचा," आई म्हणाली. "गोवरी लवकर धरते."

तेव्हा मीही हसले होते. एक्स-रे पाहिल्यावर ते हसणं आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

गॅसवर आईनं करून पाहिलं होतं. वरून कोळसा, आत कच्ची कणीक. शेजाऱ्यांच्या ओव्हनमध्ये ठेवले तर बेकरीतले जुने पाव निघाले. मग मला इंटरनेटवर पेलेट ग्रिल सापडलं. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या कांड्या म्हणजे पेलेट. एका डब्यातून त्या थोड्याथोड्या खाली सरकतात, छोटा पंखा वारा देतो, कांड्या स्वच्छ जळतात, वर झाकण. लाकडाचा विस्तव आणि धूर नावाला. वाचून मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

कसला सुटतो! 'बजेटमध्ये पहिलं ग्रिल कसं निवडाल' असं शोधलं की व्हिडिओत परदेशातला दाढीवाला माणूस त्याच्या हिरव्यागार अंगणात उभा. अख्खं डुक्कर भाजतोय. त्याचं 'स्वस्त' म्हणजे आमच्याकडं एका नव्या स्कूटीची किंमत. तो सांगतो, डबा मोठा बघा, पत्रा जाड बघा, वॉरंटी बघा. कणकेच्या गोळ्याबद्दल एक अक्षर नाही. तरी मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि शनिवारी आईला घेऊन हॉटेलचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेले.

दुकानदारानं आमच्या मागे दाराकडं पाहिलं. "सर गाडी लावून राहिले का?"

"सर नाहीत. आम्हीच आहोत."

"अच्छा, अच्छा. पाहून घ्या मग." पाहून घ्या. म्हणजे घेणार नाहीच तुम्ही. तरी त्यानं एक काळं चकचकीत धूड उघडलं. "यात मोबाईलवर टेम्परेचर दिसते मॅडम. घरात सोफ्यावर बसून पाहा."

"माह्या हाताले दिसते," आई म्हणाली. तिनं झाकण उचललं, जाळीखाली वाकून पाहिलं. सरळ होताना तिला खोकला आला, तो आवरून तिनं विचारलं, "राख कुठं पडते?"

"राख?" त्याचा चेहरा उजळला. आता हा हातखंडा डायलॉग मारणार हे मला कळलं. "राखच नाही होत मॅडम! हीच तर याची खासियत. महिन्यातून एकदा मूठभर, फडकं मारा, खतम."

आई माझ्याकडं वळली. नुसतं पाहिलं.

रोडगा राखेत पिकतो. जाळावर नाही, राखेत. राख उष्णता धरून ठेवते, चारी बाजूंनी सारखी देते, म्हणून तो करपत नाही आणि आतपर्यंत शिजतो. मी लहानपणापासून तो खातेय. हवेतल्या राखेचे कण किती बारीक असतात, फुफ्फुसात कुठवर जातात, हे मी माईकवर तोंडपाठ सांगते. आणि आईच्या धंद्यातली राख मी वहीत मांडलीच नव्हती. दाढीवाल्याचे सगळे मुद्दे होते. ती नव्हती.

बाहेर आल्यावर मी दुकानदारावर तोंडसुख घेतलं. सर कुठं म्हणे! आईनं मला मधेच थांबवलं.

"तू कधी गोवरी पेटवली का?"

"नाही."

"एक तरी रोडगा राखेतून काढला?"

"नाही."

"मंग लिहून काय राहिली?"

भर रस्त्यात, उसाच्या रसाच्या गाडीसमोर. रसवाला ऐकत होता. राग इतका आला होता की डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा राग, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसरं ठिकाण बाबांनी सुचवलं. त्यांच्या ओळखीचा एक वेल्डर ढाबेवाल्यांसाठी देशी पेलेट शेगड्या बनवतो. जाड पत्र्याची पेटी, बाजूला डबा, बॅटरीवर चालणारा पंखा. स्क्रीन नाही, मोबाईल नाही. कांड्या हातानं दांडा ओढून सोडायच्या. बिघडली तर कुणीही ठोकून देईल. किंमत आमच्या आवाक्यातली. निघताना आईनं स्कूटीवर पायांमध्ये लोखंडी घमेलं धरलं. त्यात फडक्याखाली चाळलेली राख.

वेल्डर पोट धरून हसला. "काकू, दुनिया राख फेकाले जाते, तुम्ही घेऊन आल्या?"

"माही राख आहे ही. जळून चुकली. आता ही धूर देत नाही. तुह्या पेटीत हे घमेलं बसवून दाखव."

घमेलं बसेना. जाळी वर होती. आईनं बोटानं रेघ दाखवली, "इथून काप." त्यानं कापली. चार टेकू खाली जोडले, घमेलं बसलं, वर झाकण लागलं. एवढंसं काम. पण त्या मोठ्या दुकानात, इतक्या पैशांत, कुणी आईला विचारलं नव्हतं की तुला कुठं कापून पाहिजे. मीही नाही.

मग त्यानं खुशीनं पेलेटचं एक पोतं पुढं सरकवलं. "हे घ्या, माह्याकडून फुकट."

आईनं मूठभर कांड्या नाकाशी नेल्या आणि परत पोत्यात टाकल्या. "हे लाकूड नाही. प्लायचा भुसा आहे. गोंद आहे यात." सुताराची बायको आहे ती. बाबांच्या कपड्यांवरचा भुसा झटकत तिचा संसार झाला.

"चालते काकू. मौद्याकडच्या कारखान्यायले ट्रक भरून जातात हे. बॉयलरवाल्यायले काही फरक पडत नाही."

"बॉयलर रोडगे खाते का?"

वेल्डर आत गेला. आतून दुसरं पोतं आणलं, लाकूड चिरणाऱ्या आरामशीनच्या निव्वळ भुशाचं. ते फुकट नव्हतं. आईनं तेच घेतलं. मी एकटी असते तर फुकटचं घेऊन आले असते आणि वर पर्यावरणपूरक म्हणून पत्रक काढलं असतं. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितेय.

शेगडी घरी शेडमध्ये बसवली, पण पहिला घाणा आत कच्चा राहिला. राख तापायला वेळ लागतो. आईनं मग रोडगे घालायच्या आधी रिकामी राखच अर्धा तास तापवली, दोनदा खालीवर केली. दुसरा घाणा नीट झाला. पदर सुटले, कवच खुटखुटीत. शेडमध्ये मी तासभर तिच्या शेजारी बसले होते आणि माझे डोळे चुरचुरले नाहीत. आई एकदाही खोकली नाही.

"खरं सांग," तिनं रोडगा फोडून दिला. "कसा आहे?"

"चांगला आहे. पण... तो वास नाही."

"मले माहीत आहे."

रविवारी आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आलं. व्यापारी माणूस, घरचं मोठं खटलं. हिवाळ्यात एकही रविवार चुकवत नाही. त्यांनी अंगणातच एक रोडगा फोडला, तोंडात टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, गोवरीचा वास कुठं गेला?"

आईनं मशीन दाखवलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी च्च केलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, मी पाहिलं. आणि लगेच म्हणाले, "असं करा ना, लोकायचे करा याच्यावर. आमच्यापुरते पन्नासेक गोवरीवर भाजून देत जा. तेवढ्यानं काय होते?"

तेवढ्यानं काय होते! माझ्या घशात अख्खं पत्रक आलं. तुमच्या बायकोला बसवा, तुमच्या सुनेला बसवा, एक रविवार तुम्ही स्वतः येऊन बसा. मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. आवाज न चढवता.

"तो वास माह्या छातीत जमा आहे, दादा. डॉक्टरले विचारा, काढून देते का."

त्यांनी अर्धीच ऑर्डर उचलली. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं तशीच तुटली. काही टिकली. एका बाईनं तर मला समजावलं की धुरातच खरी गावाकडची चव असते. गावाकडं कोण बसतं हो धुरात? तुम्ही?

पंधरा दिवसांनी कळलं की त्या व्यापाऱ्यांचे रोडगे आता दोन गल्ल्या पलीकडच्या एका मावशींकडून जातात. गोवरीवरचे. त्या आईहून वयानं लहान आहेत, नुकतंच काम धरलंय. त्या माणसानं धूर सोडला नव्हता. फक्त छाती बदलली होती. मला वाटलं आई खचेल, चिडेल, गिऱ्हाईक पळवलं म्हणून मावशींना बोल लावेल. तिनं चप्पल घातली. "चल. तिले सांगून येऊ."

मावशी शेडमध्ये डोळे पुसत होत्या. आईनं खाली बसून सगळं समजावलं. घमेलं, जुनी राख, कोणत्या कांड्या, कुठून कापून घ्यायचं. मावशींनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं समजलं मले. पण मी बिनधुराचे केले का तो माणूस माह्याकडूनही नेणार नाही ना."

"दोघींनी नाही म्हटलं तर कुठं जाते तो?"

"तिसरीकडं."

माझ्याकडं यावर घोषणा नव्हती. मावशींचं खरं होतं, आणि ते खरं आहे याचाच मला संताप आला होता, अजून आहे. पदराला हात पुसत आई उठली, बाहेर आली, स्कूटीवर मागे बसली.

"तिसरीचं घर कोणतं," तिनं आतल्या मावशींना ओरडून विचारलं, "माहीत आहे का वं तुले?"