जुन्या कोचचा सोपा पेपर

थांबा, हातातलं काम ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नाहीतर लेक्चरला जाऊन मी कोणावर तरी ओरडेन. उरायासु स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर बसलेय, दोन ट्रेन सोडल्या, तिसरीपण सोडणार आहे. झालं काल दुपारी. रात्रभर डोक्यात तेच.

आधी थोडं मागचं. बाबांच्या बँकेने त्यांना इकडे जपानला पाठवलं तेव्हा मी चौथीत होते. तीन वर्षांसाठी आलो होतो, ती तीन वर्षं अजून संपली नाहीत. आता मी तोक्योतल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये आहे. खेळत नाही! मी ॲनालिसिसवाली. समोरच्या टीमचे व्हिडिओ बघायचे, कोण कुठे उभं राहिलं, बॉल कोणाकडे गेला, सगळं टिपायचं, आणि हे पुढच्या वेळी काय करतील ते आपल्या पोरांना सांगायचं. बाबांना मी पहिली मॅच दाखवली तेव्हा ते म्हणाले, "फुटबॉल ना हा? मग सगळे हातात घेऊन का पळतायत?" त्यांना अजून तेवढंच कळतं.

मी यात पडले ती आमच्या कोचमुळे. ते तीन वर्षांपूर्वी आले, मी आले त्याच वर्षी. आठवडाभर ऑफिसात नोकरी, शनिवार-रविवार आमच्याकडे, प्रवासखर्च सोडला तर हातात काही नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींनी बाटल्या भरायच्या आणि गप्प बसायचं असा आमच्याकडे रिवाज. एका मीटिंगमध्ये ते अचानक माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुला काय दिसलं?" मी बोलले, चुकीचं बोलले, तरी पूर्ण ऐकून घेतलं. तेव्हापासून मी त्या माणसासाठी भिंतीवर डोकं आपटायला तयार. म्हणजे होते. कालपर्यंत.

आता खलनायक. आमच्या क्लबचे माजी खेळाडू. इथे त्यांना ओबी म्हणतात, आणि ओबी म्हणजे सासू. पैसे तेच देतात, कोच तेच ठेवतात, तेच काढतात. सीझन संपला की त्यांची सभा भरते. यंदा आम्ही वरच्या गटात आठांत सातवे आलो. शेवटच्या दोघांना खालच्या गटातल्या पहिल्या दोघांशी खेळावं लागतं, हरलात की खाली. आम्ही ती मॅच जिंकलो, वर राहिलो, पोरं रडली, मीपण रडले. आणि ओबी लोकांच्या ग्रुपवर काय? "सातवे! लाज आणली." कालच्या सभेत कोचना काढायचं हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

आणि प्रत्येक वाक्यात तेच, "सेन्सेईंच्या काळात..." सेन्सेई म्हणजे गुरुजी, आमच्याकडे जुने कोच. आता सत्तरीच्या पुढे. क्लबरूममध्ये त्यांचा एवढा मोठा फोटो आहे की त्याच्याखाली डबा खायला भीती वाटते. त्यांच्या काळात टीम जवळजवळ दरवर्षी फायनलला. दरवर्षी! आणि दरवर्षी फायनल हरायची, पण ते कोणी बोलत नाही.

मला राग आला की मी मोजायला बसते. क्लबच्या वर्धापनदिनाचं एक जाडजूड पुस्तक आहे, प्रत्येक ओबीच्या घरी शोकेसमध्ये असतं आणि कोणीच उघडत नाही. मी उघडलं. त्यात सगळे जुने निकाल. आणि काय दिसलं माहितीये? त्या काळी वरचा गट दोन भागांत वाटलेला असायचा. सगळे राक्षस एका भागात, आम्ही दुसऱ्या. वर्षभर लिंबूटिंबू लोकांना झोडायचं, आपल्या भागात पहिलं यायचं, आणि फायनलला पहिल्यांदा एक राक्षस भेटायचा. तो आम्हाला खायचा. आता भाग नाहीत, आठही एकत्र, म्हणजे आमच्या कोचना दर आठवड्याला राक्षस. एकाला सोपा पेपर, दुसऱ्याला अवघड, आणि मार्क मात्र शेजारी शेजारी लावायचे! वर म्हणायचं, हा बघा ढ!

मी उगीच नाही बोलत. नीट काढलं. आपण ज्यांना हरवलं ते बाकीच्यांशी कसे खेळले, ते बाकीचे पुन्हा आणखी कोणाशी कसे खेळले, असं धरत धरत दोन्ही काळांचे पेपर किती कठीण ते काढलं. सेन्सेईंचा पेपर खरंच सोपा होता. आणि वर्षाला एखादा जो खरा अवघड सामना ते खेळले, त्यात त्यांची टीम आमच्याहून वाईट हरली होती.

सभेत वर्षाचा आढावा कॅप्टन देतो. मी त्याला म्हटलं, मला पाच मिनिटं दे. तो म्हणाला, "कोचना दाखवलंस?" मी म्हटलं, सरप्राइज आहे. तो घाबरट आहे, पण भला आहे. दिली.

कॉलेजच्या हॉलमध्ये सभा. टेबलांवर बिअर, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, दुपारी तीन वाजता. सगळे सूटमध्ये. सेन्सेई मधोमध, आमचे कोच अगदी कडेला, लग्नात मुलीकडचे उभे असतात तसे. एक ओबी सगळ्यात मोठ्याने बोलत होता, टायला क्लबची पिन लावलेला, तोच सगळ्यांचा म्होरक्या. त्याला कोचच्या जागी स्वतःचा ज्युनियर बसवायचा होता.

"त्या निळ्या हेल्मेटवाल्यांकडून हरलात?" तो कोचना म्हणाला. "निळे? आम्ही त्यांना वॉर्मअप म्हणून मारायचो! त्यांच्याकडे अकरा पोरं जमायची नाहीत, एकदा तर त्यांचा मॅनेजर हेल्मेट घालून उतरला होता!"

सगळे हसले. कोचपण थोडंसं हसले. मला तिथेच चटका बसला.

मग माझी पाच मिनिटं. आधी निळ्यांचंच काढलं. म्हटलं, तुमच्या वेळी त्यांच्याकडे पोरं नव्हती, बरोबर. आता त्यांच्याकडे स्वतःचं मैदान आहे, अमेरिकेहून आणलेला कोच आहे, गावोगावच्या शाळांतून उचललेली पोरं आहेत. यंदा ते दुसरे आले. हेल्मेट तेच आहे, आतलं डोकं बदललंय. त्यांच्याकडून हरणं म्हणजे त्या वेळच्या निळ्यांकडून हरणं नाही.

मागे बसलेली आमची पोरं "ओओ" करायला लागली. मला चढलं. मी पुढची स्लाइड लावली. एका बाजूला सेन्सेईंचा काळ, दुसऱ्या बाजूला आत्ताचा, वर लिहिलेलं, कोणाचा पेपर अवघड.

एका ओबीने अर्धी सोललेली शेंग परत बशीत ठेवली.

पिनवाला म्हणाला, "जपानी छान बोलतेस हं."

"चौथीपासून इथेच आहे मी."

"तुमच्याकडे क्रिकेट असतं ना? ते मोज की."

"क्रिकेट मला येत नाही. हे येतं. यात काय चुकलंय ते सांगा."

कोणी सांगितलं नाही. एकानेही! एवढे सगळे सूट, आणि कोणालाही आकड्यांवर बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग सेन्सेई बोलले. हळू, माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघत.

"म्हणजे मी सोप्या पोरांना हरवत होतो."

खरं सांगू? उत्तर "हो" होतं. माझ्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात आमचे कोच उठले आणि मला वाटलं, आला! आता हा बोलणार, तीन वर्षं गिळलेलं सगळं बाहेर काढणार. ते पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले, सेन्सेईंकडे तोंड केलं आणि कमरेतून पूर्ण वाकले.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "मी पोरांना नीट शिकवलं नाही." मग मान न उचलता मला म्हणाले, "तूसुद्धा."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"तूसुद्धा."

आणि मी वाकले. का वाकले? आज सकाळपासून स्वतःला हेच विचारतेय. वाकल्यावर शेजारी त्यांचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, पण टोकाला मैदानाचा पांढरा चुना. सकाळी प्रॅक्टिस घेऊन आले होते. त्या चुन्याकडे बघत मी मनात मराठीत शिव्या घातल्या. त्यांनाच. पिनवाल्याला नाही, सेन्सेईंना नाही.

मग सेन्सेई म्हणाले, "ह्याला अजून एक वर्ष द्या. माणूस नीट आहे."

बस! संपलं! टाळ्या. पिनवाल्यानेपण वाजवल्या, वाजवाव्याच लागल्या, सेन्सेई बोलले म्हटल्यावर. तीन आठवडे मी काढलेल्या आकड्यांनी कोच वाचले नाहीत, कंबर वाकवून वाचले. माझी स्लाइड मागे तशीच चालू होती आणि कोणीतरी येऊन प्रोजेक्टरवर झाकण घातलं. झाकण!

बाहेर पॅसेजमध्ये पिनवाला मला गाठून आवाज खाली करून विचारतो, "ते निळ्यांचं, अमेरिकन कोच वगैरे, खरंय?"

"खरंय."

"मला पाठव ना ती फाइल."

"पुस्तक तुमच्या शोकेसमध्ये आहे," मी म्हटलं आणि निघाले. कालच्या दिवसातली माझी एकुलती एक चांगली गोष्ट.

गेटजवळच्या व्हेंडिंग मशीनपाशी कोच उभे. त्यांनी मक्याच्या गरम सूपचा छोटा टिनचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"आधी मला का नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर इथे दाखवू दिलं असतंत?"

"नाही."

"मग?"

त्यांनी स्वतःसाठी कॉफी काढली. मी म्हटलं, "आकडे चुकले होते का?"

"नाही. बरोबर होते."

"मग मी माफी कसली मागितली?"

"ते त्यांचं आयुष्य आहे," ते म्हणाले. "आणि ते समोर बसले होते."

मला पटलं नाही. आत्ताही पटत नाही. माझ्या समोरही कोणीतरी बसलं होतं ना, कोच बसले होते, त्यांचं आयुष्य नाही का? ते "सातवे" ऐकत हसत होते त्याचं काय? हे विचारायचं होतं, पण रडू येईल म्हणून विचारलं नाही. वर तो माणूस मला काय सांगतो? आपण सातवे आलो, म्हणून पुढच्या सीझनला पहिलीच मॅच दुसऱ्या नंबरशी. निळ्यांशी. "लवकर सुरुवात करू," म्हणे. मी "ओत्सुकारेसामा" एवढंच पुटपुटले, सगळे जाताना म्हणतात ते, आणि त्यांच्या विरुद्ध बाजूच्या ट्रेनने लांबून घरी आले.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नेमावाशी केली होतीस?" मीटिंगच्या आधी एकेकाला गाठून कानावर घालून ठेवायचं, म्हणजे मीटिंगमध्ये कोणाला धक्का बसत नाही, त्याला इथे नेमावाशी म्हणतात. बाबा बँकेत त्यावरच जगतात.

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"तुझ्याच. म्हणून विचारतोय."

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "पण काढलं नाही ना त्यांना? मग झालं की तुझं काम."

झालं म्हणे! मला ते राहायला हवे होते, हो. पण असे नाही. दयेवर नाही. तो पेपर अवघड होता म्हणून राहायला हवे होते, आणि हे त्या हॉलमध्ये कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, आणि मलाच मान खाली घालायला लावली. ज्याच्यासाठी म्हटलं त्यानेच.

सूपचा डबा अजून कोटाच्या खिशात आहे, गार, न उघडलेला. आणि आत्ता, हे टाइप करत असतानाच, कोचचा मेसेज आला. निळ्यांच्या यंदाच्या मॅचचा व्हिडिओ. खाली एकच ओळ, "तुला काय दिसलं?"

उघडला गेला माझ्याकडून. म्हणजे त्यांना 'वाचलं' असं दिसतंय. दिसू दे. उत्तर देणार नाहीये मी. पहिल्या चाळीस सेकंदांत निळ्यांचा डावीकडचा पोरगा बॉल यायच्या आधीच पाय हलवतोय, म्हणजे डाव आधीच फुटतोय, ते मला दिसलंय, पण मी सांगणार नाहीये. निदान ही ट्रेन जाईपर्यंत तरी नाही.

मला फक्त एवढं सांगा, तुमचं झालंय का असं कधी? ज्याच्या बाजूने तुम्ही जीव तोडून भांडलात, त्यानेच सगळ्यांसमोर तुम्हाला माफी मागायला लावली? आणि मग तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर दिलंत का?