मागच्या गेटवरची कस्तुराबाई

कस्तुराबाईला वटवाघळांची भीती होती, आणि ती साधीसुधी नव्हती. लातूरकडच्या गावात लहानपणी एक वटवाघूळ तोंडावर आपटलं, तेव्हापासून तिन्हीसांजा झाल्या की तिचा जीव मुठीत. नवरा गेल्यावर थेरगावात राहून, कंपन्यांत झाडलोट करून तिने दोन मुली वाढवल्या. आणि आता नोकरी लागली ती नेमकी चाकणच्या एका गोदामाच्या मागच्या गेटवर राखणीची. तिथल्या दिव्याभोवती पतंग जमत, पतंगांमागे वटवाघळं. ती केबिनचं दार लावून बसे.

एका संध्याकाळी कॉलेजातली स्वरूपा परवानगी घेऊन आठवडाभर पतंगांचा अभ्यास करायला आली. पतंग येऊन बसावेत म्हणून तिला भिंतीला पांढरी चादर बांधायची होती.

"मावशी, जरा एक टोक धरता?"

नाही म्हणवेना. कस्तुराबाई डोकं ओढणीत गुंडाळून बाहेर आली. स्वरूपाने एक छोटं यंत्र सुरू केलं. माणसाच्या कानाला न कळणारे आवाज ते ऐकवत होतं. टक... टक... टक.

"हे काय गं?"

"वटवाघूळ. ओरडतं, आणि आवाज आपटून परत आला की त्यावरून किडा हेरतं."

टकटक जवळ आली, वाढत गेली, सगळी मिळून एक फर्र झाली. मग एकदम शांत. कस्तुराबाईच्या बाहीवर पतंगाचा तुटका पंख येऊन पडला. तिने तो झटकला. रोज डोक्यावर हे चाललेलं असतं?

पुन्हा टकटक. दिव्यापाशी एक ठिपक्यांचा पतंग घिरट्या घालत होता. फर्र सुरू झाली, तोच यंत्रातून वेगळीच खरखर आली आणि वटवाघूळ झटकन वळलं, ते थेट कस्तुराबाईच्या कानाजवळून गेलं. ती किंचाळली. चादर हातातून सुटली.

"खरखर त्या पतंगाची," स्वरूपा तिचा हात धरत म्हणाली. "तो कडू असतो. मला खाऊ नको, असं बजावतो. काही कडू नसतात, तरी तसाच आवाज काढतात."

"मंजी खोटं बोलून वाचत्यात?"

"वाचतात. पण दर वेळी नाही."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईने सुपरवायझर शेखरला गाठलं. "भाऊ, मला पुढचं गेट द्या."

"जा की आजपासून. मागच्याला कुलूप लावू."

"अन् ती पोरगी? एकलीच तिथं?"

"ती बघेल तिचं."

"राहू द्या मग. मी मागंच बसते," कस्तुराबाई म्हणाली.

अंधारू लागलं तसं तिने केबिनचं दार उघडलं आणि स्वरूपाच्या चादरीचं टोक धरलं. 

"ते यंत्र बंद ठिव बाई," ती म्हणाली, "आजच्या दिवस तरी."