तलावाची दुसरी प्रत

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. ठरलेली रक्कम चार हजार रुपये. हजर तिघे: गावच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, माझी बायको आणि मी.

बायको घरी बसून प्रोग्राम लिहायला शिकली. पैसे घेऊन केलेलं हे तिचं पहिलंच काम. चंद्रपूरच्या प्रदर्शनात संस्थेच्या स्टॉलवर मुलांसाठी खेळ ठेवायचा होता. पडद्यावर तलाव, त्यात रोहू फिरतात, मुलांनी जाळं टाकून पकडायचे. स्टॉल सोमवारी लागणार होता. खेळ जमला नाही तर अध्यक्ष नुसता व्हिडिओ लावणार होते, आणि पुन्हा तिला कोणी काम दिलं नसतं.

संस्थेच्या जुन्या लॅपटॉपवर खेळ अडकत होता, कारण मासा जरा हलला की सगळा तलाव नव्याने काढला जाई. म्हणून तिने त्याच सकाळी पद्धत बदलली. रिकाम्या तलावाचं चित्र बाजूला ठेवायचं, आणि मासा पुढे सरकला की त्याच्या जुन्या जागेपुरता तुकडा त्यातून उचलून पडद्यावर बसवायचा.

वेग छान आला. पण प्रत्येक माशामागे माशांचीच रांग उरू लागली.

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "मासोळ्या पोहून राह्यल्या का शेवाळ पसरून राह्यलं? पाणी तर दिसूनच नाई राह्यलं."

"थांबा ना भाऊ."

मी बँकेत हिशेब तपासतो. मला प्रोग्राम कळत नाही, प्रती कळतात. विचारलं, "तलावाची चित्रं किती?"

"दोन. एक पडद्यावरचं, एक बाजूले ठेवलेलं."

"बाजूचं दाखव."

तिने उघडलं. त्यातही मासेच मासे. ती बघत राहिली आणि एकदम हसायला लागली.

"अहो, मी दुसरं चित्र केलंच नाई. त्याच चित्राले दुसरं नाव ठेवलं. लग्नात माझं ठेवलं तसं!"

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने ते मीच लिहिलं होतं.

"म्हंजे माहेरच्या नावाले चिमटा काढला," अध्यक्ष म्हणाले, "तं सासरचं नावही बोंबलते!"

"तसंच. आता खरी झेरॉक्स काढू द्या."

प्रोग्राममध्ये जिथे दुसरं नाव ठेवलं होतं, त्या ओळीत तिने 'कॉपी' हा एक शब्द घातला. मासे फिरू लागले आणि मागे स्वच्छ पाणी राहू लागलं. अध्यक्षांनी स्वतः जाळं टाकलं, रोहू निसटला, पुन्हा टाकलं. चूक शोधायला मी शेजारी होतो खरा, पण ती ओळखली तिने. बँकेत हे मी सगळ्यांना सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी.

अध्यक्षांनी खिशातून पैसे काढून माझ्यासमोर धरले. "घ्या भाऊ."

"काम कोणी केलं?" मी म्हणालो.

ते ओशाळले आणि वळले. चार हजार रुपये, पूर्ण, माझ्या बायकोच्या हातात दिले.