कीपरची रिकामी जागा

दुबईत शुक्रवारी काय करायचात असं कोणी विचारलं, तर मी क्रिकेट म्हणतो आणि विषय तिथंच संपवतो. पुढचं सांगायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि आतून बायको म्हणते, "झालं यांचं सुरू!" चढू दे आवाज. इतकी वर्षं गिळून बसलो, त्यानं काय पोट भरलं का?

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी जबल अलीतल्या एका कंपनीचं गोदाम सांभाळायचो आणि राहायला अल मनखूलला होतो. आठवड्याचे सहा दिवस कंपनीच्या बसमध्ये मान लटकवून झोपायचं आणि शुक्रवारी मात्र अलार्मशिवाय पाचला उठायचं. आमची मराठी मंडळींची टीम होती. वाळूचं मोकळं पटांगण, मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट अंथरायची. सहाला सामना सुरू, ऊन डोक्यावर यायच्या आत खलास. मग कॅफेटेरियाच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या ओढायच्या, कडक चहा आणि पराठे मागवायचे आणि ऑल-टाइम टीम निवडत बसायचं.

ही टीम म्हणजे टीव्हीवरच्या मोठ्या खेळाडूंची नव्हे. ती काय, कोणीही निवडतं. आमची ऑल-टाइम टीम म्हणजे आमच्याकडून आजवर खेळून गेलेल्यांमधले सर्वोत्तम अकरा. तिचे नियम आम्हीच केलेले आणि देवाच्या नेमासारखे पाळलेले. माणूस निदान दहा शुक्रवार खेळलेला हवा. 'गावाकडे मी जिल्ह्याकडून खेळायचो' असल्या बाता चालणार नाहीत, आपण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं. एका कंपनीतले दोनच घ्यायचे. सगळ्यांचे हात वर झाले तरच माणूस आत, आणि एकदा आत गेला की कायमचा आत. सगळ्यात मोठा नियम होता तो आमच्या कॅप्टनचा. ते पीठ-मसाल्यांचा धंदा करायचे, वयानं सगळ्यांत मोठे, सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांचं म्हणणं, जो कायमचा इंडियाला गेला, ज्याचा व्हिसा कॅन्सल झाला, त्यालाच टीममध्ये घ्यायचं. इथं हजर असलेल्याला घेतलं की तो घोड्यावर बसतो, आणि ज्याला घेतलं नाही तो पुढच्या शुक्रवारी तोंड दाखवत नाही.

तेव्हा मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला होता. आता वाटतं, काय दळभद्री माणसं होतो आम्ही! माणसाची नोकरी गेली, बाडबिस्तरा आवरून तो विमानात बसला, की आम्ही इकडे चहा पीत म्हणणार, "चला, आता ह्याचा विचार करता येईल." आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही. आज ना उद्या सगळेच जाणार होते. निदान जाणाऱ्याला मागे काहीतरी मिळतंय, अशी आम्ही आमची समजूत काढायचो.

दहा जागा भरल्या होत्या. अकरावी होती कीपरची, आणि ती भरेना, कारण आमचा सर्वांत चांगला कीपर अजून आमच्यातच होता. मिरजेचा, माझ्याच कंपनीत मेन्टेनन्सचा सुपरवायझर. त्याचे ग्लव्हज दीडशे दिरहॅमचे होते, आणि कोणी हात लावला की तो ओरडायचा, "सोळाशे रुपये आहेत, सोळाशे!" कॅच सोडताना मी त्याला दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्यानं चहाचे पैसे स्वतःहून दिले. दर शुक्रवारी कोणीतरी त्याला चिडवायचं, "जा की बाबा एकदाचा! तुझ्यापायी टीम अडलीय." तो पराठ्याचा तुकडा मोडत म्हणायचा, "मरा दहा जणांतच. मी काही हलत नाही."

आमच्या कंपनीतला तिसरा माणूस म्हणजे पर्सोनेलवाला. पासपोर्ट, व्हिसा, रजा, सगळे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. टीममध्ये तो फिरकी टाकायचा. चेंडू वळायचा नाही, पण वळला असं तो शपथेवर सांगायचा. माणूस तसा वाईट नव्हता. माझ्या मुलाच्या व्हिसाच्या वेळी त्यानं चार खेपा घातल्या होत्या. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसानं केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

डिसेंबरातला एक शुक्रवार. सामना संपला, आम्ही चौघं एका टेबलाशी होतो, बाकीचे शेजारच्या टेबलांवर. कीपरनं ग्लव्हज पिशवीत घातले आणि म्हणाला, "मला जरा सल्ला पाहिजे." शंभरेक किलोमीटर लांबच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. पगार थोडा जास्त, आणि रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आमची कंपनी त्या दिवसांत मागेल त्याला रिलीज, म्हणजे दुसरीकडे नोकरी धरायची परवानगी, देत होती, त्यामुळे कागदांची अडचण नव्हती. मुलगी दहावीला, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. तोवर बायको आणि मुलगी इथंच राहतील, तो एकटा तिकडे खोली घेईल, असा त्याचा विचार होता.

दादा म्हणाले, "तुला झेपत असेल तर बघ."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अरे, तिकडे काय ठेवलंय? धूळ नि टाइल्स. इथं कंपनी जुनी, बस दाराशी येते. पोरीचं दहावीचं वर्ष, गप बस एका जागी." मोठा हितचिंतक मी! खरं कारण मला ठाऊक होतं. तो रास अल खैमाला गेला असता तर शुक्रवारी पहाटे येणं त्याला जमलं नसतं. पुढच्या महिन्यात आमची एक स्पर्धा होती, आणि कीपर नसेल तर आम्ही पहिल्याच सामन्यात बाहेर. एवढ्या भिकार कारणासाठी मी त्याला बसवलं.

मग त्यानं पर्सोनेलवाल्याकडे पाहिलं. "तू सांग बाबा. आत काही हालचाल आहे का? सगळं ठीक आहे ना?"

"तू बघ. तुझा निर्णय," एवढंच तो म्हणाला आणि चहात साखर ढवळत बसला. त्या चहात साखर आधीच असते.

विषय तिथं संपला आणि टीमवर घसरला. दादा कंटाळले होते. ते म्हणाले, "हा काही जात नाही. पूर्वीचा तो मंगलोरकडचा उंच कीपर घेऊया आणि अकरा पुरे करून टाकूया. करा हात वर." माझा हात अर्धा वर गेला सुद्धा. आणि पर्सोनेलवाला पटकन म्हणाला, "थांबा हो दादा. घाई नको. महिनाभर थांबा."

सगळे हसले. कीपर सगळ्यात जोरात हसला. "बघा, ह्याला माझी किंमत कळते!" असं म्हणून त्यानं पर्सोनेलवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानं रविवारी नाही म्हणून कळवून टाकलं. जानेवारीत कंपनीनं बारा माणसं कमी केली, आणि त्यात तो होता. बापाचा व्हिसा गेला की बायको-मुलांचाही जातो. त्यानं साहेबासमोर हात जोडले, फक्त मार्च संपेपर्यंत थांबवा, पगार देऊ नका. साहेब म्हणाला, इन्शाल्ला, बघतो. दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर, सही कर. टाइल्सच्या कारखान्यात फोन केला तर जागा भरलेली. दहा वर्षं ज्या शाळेत मुलगी शिकली, तिथली दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना तिला नाव काढून मिरजेला जायचं होतं. तिचं वर्ष बुडालं. हे लिहितानासुद्धा माझ्या कानशिलाची शीर उडते.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो आला नाही, घरी सामान बांधत होता. आम्ही हरलो. चहाच्या टेबलावर दादा म्हणाले, "वाईट झालं. पण एक आहे, तो एकदा विमानात बसला की आपली अकराची टीम पुरी होईल." ते वाईट मनानं बोलले नाहीत, पण माझं टाळकं सटकलं. मी कप इतक्या जोरानं आपटला की चहा पर्सोनेलवाल्याच्या पांढऱ्या पॅन्टवर सांडला.

"तुला माहीत होतं," मी त्याला म्हणालो. "डिसेंबरातच माहीत होतं. त्यानं तुला तोंडानं विचारलं, तर तू साखर ढवळत बसलास. आणि टीमची गोष्ट निघाल्यावर बरी जीभ सुटली तुझी! महिनाभर थांबा म्हणे! माणसापेक्षा ती बोडक्याची टीम मोठी झाली का रे तुला?"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "ती यादी कॉन्फिडेन्शियल असते. मी बोललो असतो तर तेरावं नाव माझं असतं. मलाही दोन पोरं आहेत."

"मग कशाला तोंड उघडलंस?"

त्याचा चेहरा लाल झाला होता. "सांगायचंच होतं म्हणून. सरळ सांगता येत नव्हतं, म्हणून तसं सांगितलं. मला वाटलं, तुमच्यापैकी एकाला तरी कळेल. दुसरं काय करणार होतो मी? नाही कळलं तुम्हाला, त्याला मी काय करू?"

मी आणखी खूप बोललो. नालायक म्हणालो, भेकड म्हणालो, तुझ्या हातचं पाणी पिणार नाही म्हणालो. दादांनी मला खांदे धरून बसवलं. आजूबाजूची माणसं चहा सोडून बघत होती. मी इतका का ओरडत होतो ते त्यांच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं.

कारण मला कळलं होतं. सगळं नाही, पण कळलं होतं. यादी पाहिलेला माणूस 'महिनाभर' हा शब्द उगाच काढत नाही, एवढी अक्कल मला होती. त्या क्षणी सगळे हसत होते आणि मला वाटलं, आत्ता ह्याला बाजूला घेऊन सांगावं, अरे, रविवारी हो म्हण, डोळे मिटून हो म्हण. मग वाटलं, आपण उगाच शंका घेतोय. मग वाटलं, त्याच्या यादीत आपलंही नाव असेल तर? पुढचे दोन दिवस मी फक्त स्वतःचाच विचार केला. शनिवारी बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता, तासभर. मी डोळे मिटून झोपल्याचं नाटक केलं.

कॅफेटेरियातून उठून मी थेट त्याच्या घरी गेलो. हॉलभर खोकी पसरली होती. वहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भावजी, बसायला जागा तेवढी शोधा." मुलगी कोपऱ्यात वह्या-पुस्तकांची चळत लावत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाळा, तिकडेही शाळा चांगल्या आहेत." तिनं वर न बघता उत्तर दिलं, "अंकल, बाबा वॉन्टेड टू से येस टू दॅट जॉब. समबडी टोल्ड हिम नॉट टू."

"ए, गप," बाप म्हणाला. ती उठून आत गेली.

आम्ही दोघं एका मोठ्या खोक्याला दोरी बांधू लागलो. मी त्याला पर्सोनेलवाल्याबद्दल सगळं सांगितलं. यादी त्या पर्सोनेलवाल्याला आधीपासून माहीत होती, चहाच्या टेबलावर तो कसा बोलला, मी त्याला कसं झाडलं, सगळं. तावातावानं सांगत होतो. वाटलं, तोही भडकेल, दोघं मिळून शिव्या देऊ, जरा मोकळं वाटेल. तो दोरी आवळत राहिला. दोरीची गाठ मारताना त्याचे हात थांबले.

"तो महिनाभर थांबा म्हणाला, तेव्हा सगळे हसले," तो म्हणाला. "तू हसला नाहीस. तू आधी त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मला नंतर आठवलं ते. का बघितलंस रे?"

वहिनींचा कागदाचा आवाज बंद झाला होता.

"मी?" मी म्हणालो. "छे, मला नाही आठवत."

त्यानं दोरी पुन्हा ओढली आणि म्हणाला, "बरं. इथं बोट ठेव, गाठ सुटतेय."

मी बोट ठेवलं.