वहिनींच्या मनगटावरचं सेंट

वहिनी खरं तर एकट्या दिराच्या. पण हा दीर दिवसभर गल्ल्यावर बसून "वहिनी, कोट झाला का? वहिनी, पडदे कुठंत?" असा पुकारा करायचा, त्यामुळे हळूहळू अख्खा रस्ताच त्यांना वहिनी म्हणू लागला. लाँड्री दोघा भावांनी मिळून काढलेली. थोरला गेला तेव्हा त्याची इस्त्री वहिनींच्या हातात आली आणि त्याची खुर्ची धाकट्यानं घेतली. दुकानात खुर्ची एकच होती, तेव्हा वाटणी कशी झाली हे वेगळं सांगायला नको.

वहिनी उभ्या असायच्या. सकाळी उभ्या, दुपारी उभ्या, डबाही टेबलाला टेकून उभ्यानंच खायच्या. पोटऱ्यांच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या. अंगाला कायम वाफेचा, घामाचा आणि करपलेल्या सुताचा वास. तोच आपला वास, असं त्यांनी केव्हाच धरून टाकलं होतं.

मग एकदा लेक सुट्टीवर आली. ती जहाजावर केबिनी साफ करायची. भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्याशा बंदरातून तिनं आईसाठी सेंटची बाटली आणली होती. खोक्यावर चित्र होतं: पांढरी भिंत, मागे निळंशार पाणी आणि भिंतीवर चपला काढून बसलेली एक बाई. बारीक अक्षरात काय काय लिहिलं होतं ते लेकीनं वाचून दाखवलं. पीच, अंजीर, संत्र्याची फुलं.

"ही बाई करतेय काय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. बसलीय. तिकडे दुपारच्या बसतात अशा. फळं खातात, पाण्याकडे बघतात."

"आणि कुणी हाक मारत नाही?"

"मारली तरी उठत नाहीत, आई."

हे वहिनींना फारच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मनगटांवर फवारा मारल्याशिवाय त्यांनी इस्त्रीला हात लावला नाही.

आता तापलेली इस्त्री, वाफ आणि मनगट एकाच जागी म्हटल्यावर वास कपड्यांत उतरला नसता तरच नवल. बघता बघता रस्त्यावरचे पुरुष पीच आणि संत्र्याच्या फुलांनी घमघमायला लागले. दातांच्या डॉक्टरांचे पेशंट म्हणे खुर्चीतून उठायला तयार होईनात. न्हाव्याच्या बायकोनं नवऱ्याला दारातच उभं करून उलटतपासणी घेतली आणि खरं कळल्यावर पोट धरून हसली. दिरानं मात्र नाक मुरडलं.

"या वयात हे काय नवीन खूळ?"

"नाक आहे तेच आहे, भाऊजी. वय झालंय ते गुडघ्यांचं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा शर्ट ओढला.

एका माणसाला मात्र हा वास देवासारखा पावला. समोरच्या इमारतीतले सर्व्हेअर साहेब. ते सारखे फिरतीवर असायचे आणि परत आले की शर्टाला कसला तरी गोड वास असायचा. बायकोनं विचारलं की यांचं उत्तर तयार. "लाँड्रीतला आहे. रस्त्यात कुणालाही विचार." रस्त्यात कुणालाही विचारलं तरी तो हो, हो, वहिनींचं सेंट, असंच सांगणार. बायको वाचनालयात ग्रंथपाल, बोलायची हळू आणि कमी. पण एक दिवस तिनं सांगितलं, मी स्वतःच लाँड्रीत जाऊन विचारते.

साहेब तिच्या आधी दुकानात हजर. दिराशी कुजबुजले आणि वहिनींकडे न बघता निघून गेले.

"बाई येतील शर्ट घेऊन," दीर म्हणाला. "वास तुमचाच म्हणायचं, चुकलं म्हणायचं आणि त्यांच्यादेखत ती बाटली कचऱ्यात टाकायची. साहेबांच्या ऑफिसचं सगळं काम आपल्याकडे येतं, लक्षात ठेवा. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्या परक्या माणसाच्या भानगडीवर पांघरूण घालायला माझी बाटली? पण भीतीही वाटली, खोटं कशाला बोला. असल्या पायांना दुसरीकडे कोण उभं करून घेणार होतं?

दुपारी ग्रंथपालबाई आल्या. फिरतीवरून आलेला, न धुतलेला शर्ट त्यांनी टेबलावर ठेवला.

"वहिनी, हा वास तुमचाच ना?"

'हो' ऐकायलाच आल्यासारखं त्यांनी विचारलं. वहिनींना तेच सगळ्यात जड गेलं. त्यांनी कॉलर नाकाशी नेली. दाट, चिकट गुलाब. ना फळ, ना समुद्र.

"त्यांचाच, त्यांचाच!" दीर गल्ल्यावरून म्हणाला. "वहिनी, बोला ना."

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि टेबलावरून मनगट पुढे केलं.

"मी सांगणार नाही. तुम्हीच बघा."

बाईंनी मनगटाचा वास घेतला. मग कॉलरचा. मग पुन्हा मनगटाचा.

"संत्र्याची फुलं आहेत यात," त्या म्हणाल्या.

"आहेत."

"शर्टात नाहीत."

"नाहीत," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी शर्टाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवला. "यापुढे फक्त माझे कपडे येतील, वहिनी."

"आणि साहेबांचे?"

"त्यांना हात आहेत," बाई त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि गेल्या.

दीर ताडकन उठून टेबलापाशी आला. "धंदा बुडवलात! निघा. आत्ताच्या आत्ता निघा दुकानातून!"

"निघू कुठं? अर्धं दुकान माझ्या नवऱ्याचं आहे," वहिनी म्हणाल्या. फळीवरची बाटली घेऊन त्यांनी त्याच्यासमोर दोन्ही मनगटांवर फवारा मारला, वर एक गळ्यावर मारला. मग टेबलाला वळसा घालून त्या गल्ल्यामागं गेल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या. चपला काढल्या, पाय लांब केले. रस्त्यावर ऊन पडलं होतं. त्या तिकडे बघत राहिल्या.

"वहिनी, उठा!"

दारात दोन गिऱ्हाइकं थबकली होती.

"वहिनी!"

"ऐकू आलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.