एकाच टाक्याचे तीन दर

नागोजीअण्णांच्या दुकानात भाव विचारावा लागत नसे. भिंतीवर खडूने लिहिलेला असायचा. सदरा दीड रुपया, पायजमा एक, कोट अठरा. दोरा, गुंड्या, इस्त्री सगळं त्यातच. कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेत त्यांच्याहून स्वस्त शिंपी होते, पण कपडा न्यायला गेलं की "गुंड्यांचे वेगळे" म्हणणारेही तेच. अण्णांना त्याची चीड होती. "सदरा म्हटलं की गुंड्या आल्याच की," ते म्हणायचे.

मी त्यांच्या शेजारी राहायचो. सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत कारकून. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढायचा मला पगार मिळायचा आणि त्याचा थोडा तोराही होता. तो एकसष्ट साली पुरता उतरला.

त्या साली अण्णांच्या बायकोला, गोजराअक्काला, पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. सरकारी इस्पितळात खाट नव्हती आणि ऑपरेशनला तीन आठवडे थांबायला सांगितलं. अक्काला तीन तास काढवत नव्हते. कुणीतरी एका खाजगी नर्सिंग होमचं नाव सुचवलं. अण्णा कधी असल्या ठिकाणी गेले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "तिथं कसं जायचं हो, श्रीकांतराव?"

मी शहाणपणा शिकवला. "चांगले कपडे घालून जा. मोठ्या ठिकाणी माणूस बघून वागवतात."

शिंप्याच्या घरी स्वतःचा धड कोट क्वचितच असतो. पण एका वकिलाने शिवायला टाकलेला काळा बंद गळ्याचा कोट आठ महिने दुकानात लटकत होता. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा अण्णांचा नेम. बायकोसाठी त्यांनी तो जन्मात एकदा मोडला. डोक्यावर लग्नातला जरीचा पेटा, तिकडचा फेटा, चढवला. इतके रुबाबदार दिसत होते की अक्का कळा विसरून म्हणाली, "अगबाई, मला बघायला आलात का काय?"

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर हाताचा गुणी होता, ते नाकारून चालणार नाही. अकराव्या दिवशी बिल आलं, चारशे सदतीस रुपये पंचवीस नये पैसे. अण्णांची महिन्याची कमाई नव्वद-शंभर. पैसे भरल्याशिवाय अक्काला सोडणार नव्हते आणि खोलीचे रोज बारा रुपये चढतच होते.

"स्वल्प, जरा वाचा हो," म्हणून अण्णांनी तो कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा पुसून वाचायला बसलो. ऑपरेशनचे वेगळे, ऑपरेशनच्या खोलीचे वेगळे. डॉक्टरचे वेगळे, त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या डॉक्टरचे वेगळे. भूल देणाऱ्याचे. कापसाचे. 'किरकोळ' म्हणून अडतीस रुपये, आणि त्याखाली 'इतर' म्हणून एकोणीस. किरकोळात न बसणारं इतर म्हणजे काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तीन वेळा बेरीज केली. मेली बेरीज बरोबर होती! चूक सापडती तर बरं वाटलं असतं.

अण्णांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय?"

"टाक्यांचा दोरा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे पोट शिवायचे घेतले ते घेतले, आणि दोऱ्याचे वेगळे?"

आम्ही दोघे तसेच नर्सिंग होमच्या खिडकीवर गेलो. आत बसवंत नावाचा कारकून होता. आधी त्याने दाद दिली नाही, पण मीही कारकुनाची जात. हटलो नाही. शेवटी वैतागून त्याने रजिस्टर उघडलं. तिथे तीन वर्ग होते. साधा, मधला आणि स्पेशल. वर्गाप्रमाणे नुसती खोली बदलत नव्हती, सगळे दर बदलत होते. डॉक्टर तोच, सुरी तीच, टाका तोच, दोराही त्याच रिळातला. साध्याला एक, मधल्याला दीडपट, स्पेशलला अडीचपट.

"आम्ही स्पेशल मागितलं कधी?" मी ओरडलो.

"मागायचं नसतं," बसवंत म्हणाला. "दारातला आमचा माणूस येणाऱ्याला बघून लिहितो." त्याने नोंद वाचून दाखवली. काळा कोट, जरीचा पेटा, बहुधा जमीनदार.

अण्णांचा चेहरा उतरला. "कोट माझा नव्हे, स्वामी. मी शिंपी. वकिलाचा कोट तो."

"आता रजिस्टरात उतरलंय," बसवंत म्हणाला आणि रजिस्टर मिटलं.

मला त्या बसवंताचा राग आला, त्या दारातल्या माणसाचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कपड्यांची अक्कल मीच शिकवली होती. अण्णांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दुकानात दोन मशिनं होती. त्यातलं एक अक्काचं, त्यावर ती गल्लीतल्या बायकांचे झंपर शिवायची. ते मशीन आणि तिच्या पाटल्या विकून त्यांनी बिल भरलं. अक्का घरी आली, दुकानातली रिकामी जागा तिने पाहिली आणि आत गेली.

पुढे तीन वर्षांनी कळा परत आल्या. हे आम्हाला कळलं तेव्हा अक्काला पाच महिने त्या येत होत्या. ओवा खाऊन, पोटाला पदर आवळून तिने ते पाच महिने काढले. तापात बडबडायला लागली तेव्हा अण्णांनी आणि मी तिला टांग्यात घालून सरकारी इस्पितळात नेलं. या खेपेला खाट मिळाली. डॉक्टर आमच्यावरच खेकसला, "इतके दिवस झोपला होता काय?"

नर्स इंजेक्शन घेऊन आली. अक्काने हात मागे घेतला. "हे कितीचं?"

"इथं पैसे पडत नाहीत, अक्का," मी म्हणालो. "सरकारी आहे."

"होय गं, फुकट आहे," अण्णा म्हणाले. "तुझी शप्पथ."

तिने आमच्याकडे असं पाहिलं, जणू दोन खुळी पोरं समोर उभी आहेत. "सरी, सरी, बरं," ती म्हणाली. "आधी सांगत नाहीत. शेवटी सांगतात."

हात तिने पदराखालीच ठेवला. अण्णांनी तो ओढून बाहेर काढला, सुई टोचेपर्यंत दाबून धरला, आणि मग वॉर्डभर लोक बघत असताना ते हुंदके देऊन रडले. ती त्यांनाच समजावत राहिली, की एवढं एकच घेते, पुढचं नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. इस्पितळाने आमच्याकडे एक पैसाही मागितला नाही.