मांडवाच्या टोकाला उभं राहणारं माणूस

मंडळी, आज जळगावला स्पीकर घ्यायला गेले होते. एसटीत नेता येईल असा, बॅटरीवरचा.

दुकानदार म्हणाला, "ताई, एकटीला हा पुरे. एक माइक, आणि ढोलकी मोबाईलवरून वाजेल."

बरोबरच होतं त्याचं. माझे ढोलकीवाले नाना लेकाकडे सुरतला राहायला गेलेत. आता कार्यक्रम मी एकटीच करते.

आधी कुठेही गेलो, अमळनेर असो की रावेर, मी एक कडवं गायचे आणि नाना मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभे राहायचे. तिथून हात वर करून ओरडायचे, "बठ्ठं ऐकू येस, चालू दे!" सगळं शेवटपर्यंत ऐकू येतंय, अशी खात्री झाली की मगच आम्ही सुरू करायचो.

आज दुकानात कडवं गायले आणि सवयीने दाराकडे बघितलं. दारात कोणीच नव्हतं.

"झकास!" दुकानदार म्हणाला. पण तो स्पीकरला टेकून उभा होता, त्याला काय कळणार?

शेवटी मोबाईलवरची ढोलकी चालू ठेवून मीच रस्त्यापर्यंत चालत गेले. ढोलकी अगदी स्वच्छ ऐकू येत होती. गाणारी मात्र रस्त्यावर उभी होती.

स्पीकर घेतला. एकट्याने गाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी मागे जाऊन कोण उभं राहतं?